शुद्ध धातूचा स्फटिक चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्याचा विद्युतरोध का बदलतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या मुलांना क्रायोस्टॅट, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणारं उपकरण, दाखवायची पाळी माझ्यावर आली की तेच तेच प्रश्न येतात. काही अगदी साधे असतात, काही इतके चांगले असतात की उत्तर देताना मलाच खुर्चीत नीट बसावं लागतं. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण मुख्यतः तांब्याचं घेतलं आहे, कारण तांबं सगळ्यांच्या ओळखीचं आहे आणि चुंबकात त्याचं वागणं वाटतं तितकं साधं नाही. चुंबकीय क्षेत्रामुळे रोधात होणाऱ्या बदलाला पुढे ‘चुंबकरोध’ म्हटलं आहे. प्रयोगशाळेत मात्र सगळे ‘एमआर’च म्हणतात.

घरातल्या तांब्याच्या वायरजवळ चांगला जोरदार चुंबक धरला तर तिचा रोध वाढेल का?

वाढेल, पण तुम्हाला दिसणार नाही. निओडिमियमच्या चुंबकाच्या पृष्ठाशी अर्धा टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र मिळतं असं धरलं, तर साध्या तापमानाला तांब्याचा रोध दहा लाखांत काही भाग इतकाच बदलतो. उलट तुमच्या बोटांच्या उबेने वायर १ अंशाने तापली तर तिचा रोध सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे चुंबकाच्या परिणामाच्या शेकडो पट. चुंबक हातात धरून मल्टिमीटरवर आकडा हललेला पाहिला असं कोणी सांगितलं, तर तो हाताचा प्रताप समजावा.

मग शुद्ध स्फटिकात असं काय वेगळं घडतं?

वेळ मिळतो. सगळी गोम या एका शब्दात आहे.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सरळ जात नाही, वळतो. १ टेस्ला क्षेत्रात तांब्यातल्या इलेक्ट्रॉनच्या वर्तुळाची त्रिज्या ढोबळमानाने ९ मायक्रोमीटर भरते. खोलीच्या तापमानाला मात्र हा इलेक्ट्रॉन जेमतेम ४० नॅनोमीटर जातो आणि थरथरणाऱ्या अणूंमुळे दुसरीकडेच फेकला जातो. तेवढ्या अंतरात तो वळतो पाव अंश. नऊवारी नेसायला घ्यावी आणि पहिली निरी घालायच्या आतच कोणीतरी हाक मारावी, तसं त्याचं होतं.

आता तोच धातू शुद्ध करा, त्याचा एकसंध स्फटिक वाढवा आणि ४.२ केल्विनला, म्हणजे द्रवरूप हीलियममध्ये नेऊन ठेवा. अणूंची थरथर जवळजवळ थांबते. वाटेत अडवायला उरतात फक्त अपद्रव्यं आणि स्फटिकातले दोष. तीही कमी असतील तर इलेक्ट्रॉन न अडखळता ४० मायक्रोमीटर जातो, म्हणजे पूर्वीच्या हजारपट. आता १ टेस्लात तो दोन टकरींच्या मधे अडीचशे अंश वळतो आणि १० टेस्लात सात प्रदक्षिणा घालतो. क्षेत्र तेच, धातू तोच, पण या इलेक्ट्रॉनला आता चुंबक ‘जाणवतो’.

म्हणून चुंबकरोधाचा प्रश्न हा चुंबकाच्या ताकदीइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, धातूच्या शुद्धतेचा प्रश्न आहे.

‘शुद्ध’ म्हणजे किती शुद्ध? दुकानात ९९.९ टक्के शुद्ध तांबं मिळतं की.

तेवढ्याने भागत नाही. आमच्याकडे ‘फाइव्ह नाइन’, ‘सिक्स नाइन’ अशी भाषा चालते. फाइव्ह नाइन म्हणजे ९९.९९९ टक्के, लाखात एक परका अणू. पण डब्यावरच्या लेबलावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. स्वतः मोजता येणारी खूण म्हणजे रोध-गुणोत्तर, ज्याला सगळे ‘आरआरआर’ म्हणतात. खोलीच्या तापमानाचा रोध भागिले ४.२ केल्विनचा रोध. साध्या वायरच्या तांब्याला हे गुणोत्तर ५० ते १०० च्या आसपास मिळतं, चांगल्या स्फटिकाला हजारावर.

यात एक गंमत आहे. सगळी अपद्रव्यं सारखी त्रासदायक नसतात. तांब्यात विरघळलेलं लोखंड फार छळतं, कारण त्याचा प्रत्येक अणू स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. त्यावर उपाय असा की तांबं अगदी विरळ हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये बराच वेळ तापवायचं. लोखंडाचं ऑक्साइड होऊन ते स्फटिकाच्या जाळीतून बाजूला पडतं आणि गुणोत्तर कितीतरी वर जातं. लोखंड बाहेर गेलेलं नसतं, फक्त कोपऱ्यात बसवलेलं असतं. रासायनिक विश्लेषणाला तांबं पूर्वीइतकंच अशुद्ध, इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने मात्र स्वच्छ.

चुंबकीय बल वेगाला काटकोनात असतं, ते ऊर्जा देतही नाही आणि घेतही नाही. मग जास्तीचा रोध येतो कुठून?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चहा पाजतो.

क्षेत्रामुळे टकरी वाढत नाहीत. दोन टकरींच्या मधे प्रवाहाच्या दिशेने जी मजल मारली जाते, ती घटते. इलेक्ट्रॉन तेवढाच वेळ धावतो, तेवढ्याच वेगाने धावतो, पण वळून वळून धावतो. तितकाच प्रवाह रेटायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जास्तीची उष्णता त्या व्होल्टेजमधून येते. चुंबकाच्या खिशातून काही जात नाही.

पण पुस्तकात तर लिहिलंय की मुक्त इलेक्ट्रॉनच्या प्रतिमानात चुंबकरोध शून्य येतो!

बरोबर लिहिलंय. आणि हेच मला फार आवडतं.

इलेक्ट्रॉन एका बाजूला वळले की त्या कडेला ऋणभार साचतो आणि आडवं विद्युतक्षेत्र तयार होतं. हाच हॉल परिणाम. आडव्या वाऱ्यात सायकल चालवणारा किंचित कलतो आणि सरळ जातो, तसं हे आडवं क्षेत्र चुंबकीय बलाला नेमकं तोलतं आणि इलेक्ट्रॉन सरळ निघून जातो. रोध जराही वाढत नाही.

मात्र हे तेव्हाच जमतं, जेव्हा सगळ्या वाहकांचा वेग आणि वस्तुमान एकसारखं असतं. खऱ्या धातूत तसं नसतं. आडवं क्षेत्र एकच, इलेक्ट्रॉन मात्र नाना प्रकारचे. एकाच मापाचा सदरा सगळ्या भावंडांना शिवल्यासारखं होतं: कोणाला घट्ट, कोणाला ढगळ. सरासरीने तोल साधतो, पण प्रत्येक जण थोडाथोडा भरकटतच राहतो. धातूंमधला चुंबकरोध म्हणजे ही मापं न जुळण्याची बेरीज. एखाद्या धातूचा चुंबकरोध मोठा असेल तर त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत, एवढं तरी नक्की.

एडविन हॉल खरं तर रोधच शोधत होता म्हणे?

हो. चुंबकाचं बल तारेवर लागतं, तारेतल्या प्रवाहावर नाही, असं मॅक्सवेलने लिहून ठेवलं होतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकणाऱ्या हॉलला ते पटेना. प्रवाह एका कडेला ढकलला जात असेल तर रोध वाढला पाहिजे, म्हणून त्याने जर्मन सिल्व्हरच्या तारेची चपटी गुंडाळी चुंबकात ठेवली. काहीच मिळालं नाही. मिळणार कसं? जर्मन सिल्व्हर हा मिश्रधातू, इलेक्ट्रॉन पावलोपावली अडखळणार. मग १८७९ मध्ये त्याने काचेवर सोन्याचा वर्ख लावून आडवं व्होल्टेज मोजलं आणि त्याचं नाव कायमचं राहिलं.

त्याच्याही आधी, १८५६ च्या सुमारास, विल्यम थॉमसनने (पुढे लॉर्ड केल्व्हिन) लोखंडाचा रोध चुंबकनाच्या दिशेने वाढतो आणि आडव्या दिशेने घटतो हे पाहिलं होतं. लोखंड-निकेलची ती गोष्ट वेगळ्या घरची आहे, इथे तिच्यात शिरत नाही.

या विषयात बिस्मथचं नाव सारखं का येतं?

बिस्मथमध्ये वाहक फार थोडे आहेत, पण जे आहेत ते हलके आणि चपळ. म्हणून खोलीच्या तापमानालासुद्धा त्याचा रोध चुंबकात चांगला दिसेल इतका वाढतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिस्मथच्या तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र मोजायला वापरत. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आजही चुंबकरोधाच्या प्रॅक्टिकलला बिस्मथची पट्टी दिसते ती याचसाठी.

१९२० च्या दशकात केंब्रिजला प्योत्र कपित्सा याने तीस टेस्लाच्या आसपासची क्षेत्रं निर्माण केली, तीही शतांश सेकंदापुरती. युक्ती अशी: एक भलामोठा डायनॅमो पूर्ण वेगात फिरवायचा आणि क्षणभर शॉर्ट करायचा. त्या धक्क्याने जमीन हादरे. मग त्याने मोजमापाची कॉइल डायनॅमोपासून वीस मीटर लांब ठेवली. जमिनीतून हादरा तिथे पोचेपर्यंत प्रयोग संपलेला असे. त्याला बऱ्याच धातूंत रोध क्षेत्राच्या सरळ प्रमाणात वाढताना दिसला. सिद्धांत म्हणत होता वर्गाच्या प्रमाणात वाढावा किंवा एका पातळीवर थांबावा. ही सरळ रेषा पुढे अनेकांच्या डोक्याला ताप झाली.

मग १९३० मध्ये लायडनला लेव शुब्निकोव्ह आणि डी हास यांनी द्रवरूप हायड्रोजनच्या तापमानाला बिस्मथचे स्फटिक मोजले. रोध वाढता वाढता हेलकावे घेऊ लागला. हे हेलकावे दिसले, कारण शुब्निकोव्हला कमालीचे शुद्ध स्फटिक वाढवता येत होते. शुद्धता थोडी जरी कमी असती तर ते पुसले गेले असते. पुढे १९३७ मध्ये स्टालिनच्या धरपकडीत त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

ते हेलकावे कशाचे?

इलेक्ट्रॉनची वर्तुळं पुंजसिद्धांतानुसार हव्या त्या आकाराची असू शकत नाहीत, ठराविक पायऱ्यांचीच असतात. क्षेत्र वाढवत नेलं की या पायऱ्या एकेक करून फर्मी पृष्ठाच्या कडेतून बाहेर पडतात आणि प्रत्येक वेळी रोध डुलतो. आलेख क्षेत्राऐवजी क्षेत्राच्या व्यस्तावर काढला की हेलकाव्यांमधलं अंतर सारखं येतं. त्या अंतरावरून फर्मी पृष्ठाच्या छेदाचं क्षेत्रफळ थेट मिळतं. हा संबंध लार्स ऑन्सागरने १९५२ मध्ये मांडला.

फर्मी पृष्ठ म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगाल?

धातूतले सगळ्यांत वेगवान इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने किती संवेग घेऊन जाऊ शकतात, याचा नकाशा. संवेगाच्या अवकाशात काढलेलं एक पृष्ठ. वीजवहनात भाग घेतात ते याच पृष्ठावरचे इलेक्ट्रॉन. सोडियमचं फर्मी पृष्ठ जवळपास गोळा आहे. तांब्याचंही गोळ्यासारखंच, पण त्याला आठ दिशांना माना फुटल्या आहेत. १९५७ मध्ये ब्रायन पिपर्डने दाखवलं की या माना शेजारच्या गोळ्यांना जाऊन भिडतात. म्हणजे मडक्याच्या मानेला मडकं जोडत जावं, तसा सगळीकडे पसरलेला सांगाडा.

आणि त्या मानांचा रोधाशी काय संबंध?

इथे तांबं खरं रंगात येतं.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन या पृष्ठावर क्षेत्राला काटकोनात असलेल्या छेदावरून चालतो. छेद मडक्याच्या पोटाभोवती गेला, तर तो फिरून मूळ जागी येतो. याला बंद मार्ग म्हणतात. असे सगळेच मार्ग बंद असतील तर तांब्याचा रोध थोडा वाढून एका पातळीवर थांबतो. पण क्षेत्राची दिशा अशी साधली की छेद एका मानेतून पुढच्या मडक्यात आणि तिथून त्यापुढच्या, तर इलेक्ट्रॉन परत येतच नाही. हा खुला मार्ग. प्रत्यक्ष स्फटिकात तो एकाच दिशेने वाहत राहतो. ती दिशा प्रवाहाला काटकोनात असेल तर रोध क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि थांबायचं नाव घेत नाही.

म्हणून क्षेत्र स्थिर ठेवून नुसता स्फटिक फिरवला, तर काही अंशांत रोध अनेक पटींनी चढतो आणि तसाच कोसळतो. हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा संपर्क सुटतोय असंच वाटलं. दोन तास तारा तपासण्यात गेले. मग स्फटिक उलट दिशेने फिरवला, तर तीच शिखरं त्याच कोनांवर पुन्हा उभी. सह्याद्रीची रांग घाटाच्या खालून पाहा नाहीतर वरून, सुळके जागचे हलत नाहीत.

या सगळ्याचा सिद्धांत लिफ्शित्झ, अझबेल आणि कागानोव्ह यांनी १९५६ मध्ये मांडला. त्यानंतर काही वर्षं भौतिकज्ञ एकेका धातूचा स्फटिक चुंबकात गरगर फिरवत होते आणि त्यावरून फर्मी पृष्ठं रेखाटत होते.

सगळ्या धातूंत असंच होतं का?

नाही. टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि आपलं बिस्मथ यांच्यात इलेक्ट्रॉन आणि धनभारासारखे वागणारे ‘होल’ सारख्याच संख्येने असतात. क्षेत्र दोघांनाही एकाच कडेला ढकलतं, त्यांचे भार एकमेकांना खोडतात, आडवं क्षेत्र उभंच राहत नाही. सायकलवाल्याला कलायला आधारच नाही. त्यामुळे रोध सगळ्या दिशांना वर्गाच्या प्रमाणात चढत जातो आणि अतिशुद्ध टंगस्टनमध्ये हजारो पट होतो. हाच खेळ २०१४ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने टंगस्टन डायटेल्युराइडच्या स्फटिकात दाखवला: ०.५३ केल्विन, ६० टेस्ला, रोधातली वाढ १ कोटी ३० लाख टक्के.

वेगवेगळ्या शुद्धतेच्या नमुन्यांची तुलना कशी करायची?

मॅक्स कोहलरचा १९३८ चा नियम वापरा. रोधातली सापेक्ष वाढ ही क्षेत्र भागिले मूळ रोधकता (नमुन्याच्या आकारावर अवलंबून नसलेला, धातूचा स्वतःचा रोध) या एकाच राशीवर अवलंबून असते. म्हणजे शुद्धता दसपट केली काय किंवा क्षेत्र दसपट केलं काय, परिणाम तोच. एकाच धातूचे सगळे नमुने एका वक्रावर येऊन बसायला हवेत. बसले नाहीत तर तिथेच काहीतरी शिकण्यासारखं आहे.

प्रत्यक्षात मोजता कसं?

आकडे पाहिले की कळेल हे काम कटकटीचं का आहे. १ चौरस मिलिमीटर छेदाचा, १ सेंटिमीटर लांबीचा तांब्याचा स्फटिक घ्या. खोलीत त्याचा रोध ०.१७ मिलिओहम. गुणोत्तर १००० असेल तर हीलियममध्ये ०.१७ मायक्रोओहम. १०० मिलिअँपिअर सोडले तर व्होल्टेज मिळणार १७ नॅनोव्होल्ट. तारांच्या जोडांवर तापमानाच्या फरकाने आपोआप तयार होणारं व्होल्टेज याच्या कितीतरी पट असतं.

त्यामुळे चार तारा हव्यातच: दोन प्रवाहाला, दोन व्होल्टेजला. प्रत्येक वाचन प्रवाह सुलटा आणि उलटा करून घ्यायचं, म्हणजे जोडांचं व्होल्टेज वजा होतं. मग चुंबकीय क्षेत्र उलटं करून पुन्हा सगळं मोजायचं आणि सरासरी काढायची. व्होल्टेजच्या दोन तारा कधीच प्रवाहाच्या दिशेतल्या नेमक्या एका रेषेत लागत नाहीत आणि हॉलचं व्होल्टेज त्यातून आत शिरतं. विद्यार्थी ही शेवटची पायरी हमखास गाळतात आणि मग ‘ऋण चुंबकरोध सापडला’ म्हणून धावत येतात.

प्रवाह क्षेत्राच्या दिशेनेच सोडला तर?

तर वाढ सहसा छोटी असते आणि लवकर थांबते. पण इथे एक सापळा आहे. शुद्ध स्फटिकात, मोठ्या क्षेत्रात, प्रवाह क्षेत्राच्या रेषेत एका पिचकारीसारखा निघतो, स्फटिकभर पसरत नाही. प्रवाहाच्या तारा टोकाच्या मधोमध टेकवलेल्या असतील तर कडेच्या व्होल्टेजच्या तारांपर्यंत तो पोचतच नाही आणि रोध घटल्यासारखा दिसतो. टोकाची अख्खी बाजू संपर्काने मढवा, मग बोला.

याचा व्यवहारात उपयोग काय?

सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या एलएचसी या कणत्वरकातले अतिसंवाहक (शून्य रोधाचे) चुंबक १.९ केल्विनला ८.३३ टेस्ला देतात. त्यांच्या नायोबियम-टायटॅनियमच्या तंतूंभोवती तांबं असतं. अतिसंवाहकता कुठे अचानक मोडली तर प्रवाह काही काळ त्या तांब्याने वाहायचा, नाहीतर तार जळते. पण ते तांबं चुंबकातच बसलेलं आहे! आरआरआर १०० चं तांबं ८ टेस्लात मूळच्या सुमारे तिप्पट रोध दाखवतं. म्हणून आरआरआर २०० चं तांबं घेतलं, तर शून्य क्षेत्रात रोध निम्मा होतो, ८ टेस्लात मात्र जेमतेम १५ टक्के कमी. क्षेत्रामुळे येणारा भाग दोघांनाही सारखाच. हिशेब न करता महागडी शुद्धता विकत घेणाऱ्याला इथे चुना लागतो.

अ‍ॅल्युमिनियमचा चुंबकरोध वाढतो आणि लवकर थांबतो. सर्नच्याच सीएमएस या, कणांच्या टकरी टिपणाऱ्या शोधकाच्या ३.८ टेस्लाच्या प्रचंड चुंबकात तारेला अतिशुद्ध अ‍ॅल्युमिनियमचं आवरण आहे. हलकं वजन आणि कणांना कमी अडथळा ही कारणंही आहेतच.

हार्ड डिस्कमध्ये वापरला गेला तो हाच परिणाम का?

नाही. फेर आणि ग्रुनबर्ग यांना २००७ चं नोबेल ज्यासाठी मिळालं, तो महाकाय चुंबकरोध लोखंड-क्रोमियमसारख्या पातळ थरांमध्ये, इलेक्ट्रॉनच्या फिरकीमुळे (स्पिनमुळे) येतो. नावसाधर्म्य, बस.

मुंबईत या क्षेत्रात काही होतं का?

होतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) शुद्ध बिस्मथचे स्फटिक इतके थंड केले गेले की ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या सहस्रांश अंशावर, ते अतिसंवाहक झाले. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. ही अतिसंवाहकता मोडायला सुमारे ५ मायक्रोटेस्ला पुरतात. मुंबईतलं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच त्याच्या कैक पट आहे, त्यामुळे ते अडवल्याशिवाय काही दिसणंच शक्य नव्हतं.

स्फटिक हातात घेऊन पाहता येईल का?

चिमट्याने, आणि तोही प्लास्टिकचा. तापवून मऊ केलेला शुद्ध तांब्याचा स्फटिक बोटांनी सहज वाकतो. एकदा एका मुलाने तो उचलला, किंचित वाकलेला पाहिला आणि माझ्या नकळत बोटाने सरळ करून ठेवला. दिसायला अगदी पूर्वीसारखा. संध्याकाळी थंड केला तर आरआरआर स्पष्ट घसरलेलं, आणि फिरवल्यावर जी शिखरं सुईसारखी यायची ती बोथट. मुलगा बिचारा ‘सर, मी तर सरळच केला होता’ म्हणत राहिला. स्फटिक पुन्हा भट्टीत गेला, तारा पुन्हा लावल्या आणि त्या आठवड्याचा हीलियम वाया गेला.